सत्यशीलाच्या कॉम्प्युटरमधली हाक

वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि त्याला खेटून सत्यशीलाचं कॉम्प्युटरचं दुकान. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे तिच्याकडे कोण कोण आलं, काय काय बिघडवून आलं आणि त्यावर किती सफाईने खोटं बोललं, हे सगळं मला इतकी वर्षं बसल्या जागी ऐकायला मिळालं. करमणुकीसाठी दुकानात टीव्ही लावायची गरज मला कधी पडली नाही.

खोटं नेहमी एकच असायचं. माणूस खांद्यावरून कॉम्प्युटरचा डबा उतरवायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "काय केलं न्हाई ताई. आपोआप झालं."

"आपोआप भाकरीबी भाजत न्हाई," सत्यशीला मान वर न करता म्हणायची. "बंद कसा केलता ते सांग आधी."

मग हळूहळू खरं बाहेर यायचं. बस सुटायला लागली म्हणून लिहिणं चालू असतानाच पेनड्राईव्ह उपसला होता. यात्रेतली गाणी कुणाकडून तरी भरून आणली होती आणि गाण्यांबरोबर व्हायरसही आला होता. नाहीतर पडद्यावर 'थांबा' असं आलेलं असताना कंटाळून बटण दाबलं होतं. सत्यशीला ऐकून घ्यायची, चांगली झापायची आणि मग कामाला लागायची. झापल्याशिवाय तिने कुणाचं काम केल्याचं मला आठवत नाही.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि बिघडला की नवा घेतात. पण मला ते जुने दिवस आठवतात आणि खरं सांगतो, फार चुकल्यासारखं होतं. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे देव्हाऱ्याच्या खालोखालची वस्तू होती. मॉनिटरला झालर लावलेलं कापड असायचं. चपला बाहेर काढून आत जायचं. खंडेनवमीला नांगर, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर यांची एका ओळीत पूजा व्हायची. हळदी-कुंकू, अक्षता, आणि काही भाविक तर डब्याच्या डोक्यावरच नारळ फोडायचे. पुढचा आठवडा सत्यशीला ब्रश घेऊन पंख्याच्या जाळीतून तांदूळ काढत बसायची.

विजेचं तर विचारूच नका. गावाची आणि शेतीची लाईन तेव्हा एकच होती. थ्री फेज गेली की लोक कंडेन्सर लावून एका फेजवर विहिरीवरच्या मोटारी ओढायचे. एकाने ओढली की दुसरा कशाला मागे राहील? वडवणीतले दिवे पिवळे पडायचे, माझं छपाईचं मशीन कण्हायचं आणि शेजारचे सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात बसायचे. "गहू भिजला, फाईल गेली," सत्यशीला भिंतीपलीकडून ओरडायची.

ती पोरींना शिकवायची तेही मी ऐकलेलं आहे. कॉम्प्युटर 'झालं' म्हणतो, पण आत त्याचं लिहिणं चालूच असतं. आपण बंद करायला सांगितलं की तो हातातलं संपवतो, उघडं असेल ते मिटतो आणि मगच झोपतो. मध्येच वीज काढली तर जी फाईल अर्धी लिहिली ती अर्धीच राहते. ती कुणाचं पत्र असेल तर पत्र जातं. ती सिस्टिमची असेल तर दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उठतच नाही. "जेवत्या माणसापुढचं ताट ओढतो का आपण?" ती विचारायची. "मग त्याचं आवरू द्या की."

विठ्ठलरावांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विठ्ठलराव म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. जमीन, ट्रॅक्टर, निवडणुका, सगळं पाहिलेला माणूस. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये गाण्यांना जागा उरली नाही म्हणून त्यांनी स्वतः बसून साफसफाई केली आणि विंडो उडवली.

"काय काढलंत?" सत्यशीलाने विचारलं.

"जे आपलं न्हवतं ते," विठ्ठलराव ठामपणे म्हणाले. "असली नावं आमच्या सात पिढ्यांत न्हाईत. मी बनवलं न्हाई, पोरानं बनवलं न्हाई. मग माझ्या घरात हे कावून ऱ्हायलं?"

सत्यशीला हसत हसत दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "अहो काका, ते घराचे वासे होते. तुमी बनवले न्हाईत म्हणून वासेच काढले व्हय?" विठ्ठलराव रागावून गेले. त्यानंतर मात्र कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ते तिला फोन करायला लागले.

तर अशी ही सत्यशीला. शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी, बी.ए. झालेली, रोज बसने बीडला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्न इथल्या इथेच झालं, नवरा एसटीत कंडक्टर. क्लास काढला तेव्हा लोक मुली पाठवायला कां कूं करत होते. मग तिचे वडील रामकिसनबापू शेत आवरून दुपारी येऊन दुकानाच्या दारात स्टुलावर बसायला लागले. पांढरी टोपी, हातात काठी, पायाशी सगळ्यांच्या चपला. म्हातारा दारात बसलाय म्हटल्यावर आयाबापांना धीर आला आणि क्लास भरला. बापूंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

त्यांचा एकच हट्ट होता. दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढायचाच. ते कुडाच्या घरात वाढले होते आणि लहानपणी एका ठिणगीने ते घर जळताना त्यांनी पाहिलं होतं. वीज मागे जिवंत ठेवून कुलूप लावणं त्यांच्या जिवाला मानवायचं नाही. आमच्या रांगेतले सगळेच दुकानदार मेन खाली करून घरी जातात, पण बापूंसारखा कुणी त्या स्विचपाशी पहारा देत नव्हता. सुरुवातीला त्यांनी कॉम्प्युटर चालू असतानाच मेन ओढून तिच्या शिव्या खाल्ल्या. मग शिकले. संध्याकाळी स्विचवर हात ठेवून उभे राहायचे आणि आत विचारायचे, "अगं, आवरलं का त्याचं?"

"ओ बापू, आवरलं," आतून उत्तर यायचं, आणि मगच खटका खाली यायचा.

लेकीला नावाने हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. फक्त 'अगं'. कौतुक, राग, काळजी, सगळं त्या दोन अक्षरांत बसायचं, आणि ती कितीही कामात असली तरी त्याला ओ द्यायची.

त्याच काळात एका बाजाराच्या दिवशी गीताबाई दुकानात डोकावली. गावाबाहेरच्या वस्तीवरची ही मेंढपाळ बाई. शेती थोडी, मेंढरं पुष्कळ. कळप दुकानासमोर रस्त्याच्या कडेला बसवून ती बापूंशी बोलत उभी राहिली होती. आत पोरी डब्याशी बोलताहेत हे पाहून तिला राहवलं नाही.

"ह्याच्यात काय करता गं?"

"आवाज भरतो मावशी. तुमी बोला कायतरी," सत्यशीलाने माईक पुढे केला.

"काय बोलू? मला मेंढरांबिगर कुणाशी बोलायची सवय न्हाई."

"मग मेंढरांशीच बोला."

गीताबाईने पदर सावरला, मान वर केली आणि जी हाक दिली ती माझ्या भिंतीतून आरपार आली. "हेऽऽ हो हो हो! या गं बायांनो, याऽऽ!"

आणि बाया आल्या. सगळा कळप उठला आणि चपला तुडवत दुकानात शिरला. काही मेंढ्या माझ्या दुकानाकडेही वळल्या आणि बांधून ठेवलेल्या एका लग्नाच्या पत्रिका खायला लागल्या. पोरी खुर्च्यांवर चढल्या. बापू स्टुलावरून उठले, "अगं, मेंढरं आत आली की! चपला खाल्ल्या गं!" असं ओरडले आणि मग हसत सुटले. बापू तसे गंभीर गृहस्थ. त्यांना पोट धरून हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

माईक चालूच होता. हाक, घंट्या, बापूंचं ओरडणं आणि ते हसू, सगळं एका फाईलमध्ये भरलं गेलं. पुढे कितीतरी दिवस पोरी क्लास सुटला की ते लावायला सांगायच्या. ऐकताना बापू लाजून रस्त्याकडे बघत बसायचे.

बापू गेले ते उन्हाळ्यात, शेतात, बसल्या बसल्या. फोन आला तेव्हा मी सत्यशीलाच्याच दुकानात होतो. ती हाक भरलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर ती डिस्कच्या एका भागातल्या फायली उचलून दुसऱ्या भागात हलवत होती. काम निम्म्यावर आलेलं पडद्यावर दिसत होतं. तिने फोन ऐकला, ठेवला. रडली नाही. उठली, सरळ मेन स्विचपाशी गेली आणि तो खाली ओढला. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली होती. सगळं एकदम काळं झालं. कुलूप लावून ती कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेली.

तेराव्यानंतर तिने दुकान उघडलं तेव्हा तो कॉम्प्युटर उठला नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, सिस्टिमची फाईल सापडत नाही म्हणून. असले डबे ती रोज उभे करत होती. पण त्याच्यावर तिने झालरीचं कापड टाकलं, तो कोपऱ्यात सरकवला आणि कामाला दुसरा आणला. पोरींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आपोआप बंद पडला."

मी भिंतीपलीकडून ते वाक्य ऐकलं. तिची भीती मला कळत होती. फायली हलत असताना वीज गेली होती. ते हसू आत वाचलं असेल किंवा नसेल. डबा उघडून बघितला नाही, तोवर ते आत होतंच.

वर्षं गेली. शेतीची लाईन वेगळी झाली, क्लास बंद झाला, दुरुस्ती चालू राहिली. कोपऱ्यातलं ते कापड ती दर दिवाळीला धुऊन परत घालायची. माझी बायको म्हणायची, तिला सांगा तरी काहीतरी. मी काय सांगणार होतो!

गेल्या दिवाळीनंतर गीताबाईला लकवा झाला. जीव वाचला, पण वाचा गेली. हिवाळ्यातल्या एका दुपारी तिची सून सत्यभामा सत्यशीलाच्या दुकानात आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, आमच्या आत्याबाईची हाक तुमच्याकडं हाय म्हणं?"

सत्यशीलाने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मेंढरं मला मोजतच न्हाईत," सत्यभामा सांगायला लागली. "मी वरडते, ती चरत पुढं जातात. परवा विठ्ठलरावांच्या तुरीत घुसली, लई तमाशा झाला. मालक म्हणतात, बास झालं, इकून टाकू. बाजाराच्या दिशी व्यापारी येणार हाय. अन् आत्याबाई खाटेवर पडून नुसत्या घंट्या ऐकती अन् डोळ्यातून पाणी काढती. मेंढरं गेली तर ती जगायची न्हाई, ताई. फोनमधी तिचे फोटू लई हायेत. आवाज कुणीच धरला न्हाई."

"तो कॉम्प्युटर बंद हाय," सत्यशीला म्हणाली.

"कशानं बंद पडला?" सत्यभामाने साधेपणाने विचारलं.

मी माझं मशीन थांबवलं.

"पडला न्हाई," सत्यशीला म्हणाली. "मीच मेन ओढला त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. "भाऊ, इथं बसा. काई करू नका, नुसतं बसा." बापूंच्या स्टुलावर मी बसलो. तिने कापड घडी करून ठेवलं, डबा उघडला, धूळ काढली आणि आतली डिस्क बाहेर घेतली. मी म्हटलं, आधी हाच चालू करून बघ की, नवी विंडो मार. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जागेवर निम्मा झालो. घाईने नवी विंडो मारली तर जे शोधायचंय त्याच्यावरच नवं लिहिलं जातं, असं तिने मला ऐकवलं. अशीच कितीतरी लोकांच्या लग्नाची छायाचित्रं त्यांच्या हुशार भाच्यांनी कायमची घालवली होती.

तिने ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तो इन्व्हर्टरवर घेतला आणि आधी सगळीच्या सगळी नक्कल उतरवायला लावली. शोधाशोध करायची ती नकलेवर. म्हाताऱ्या डिस्कला फार फिरवायचं नाही. ती टकटक वाजत होती आणि सत्यशीला तिच्यावर हात ठेवून बसली होती. चहा आला, गार झाला. अर्धा दिवस गेला तेव्हा कुठे नक्कल पुरी झाली.

फाईल सापडली. नाव होतं, उघडत मात्र नव्हती. "तोंडाचा भाग गेलाय हिचा," ती म्हणाली. त्याच काळातली दुसरी एक चांगली आवाजाची फाईल घेऊन तिचं तोंड तिने हिला बसवलं आणि लावलं.

"हेऽऽ हो हो हो! या गं बायांनो, याऽऽ!"

तीच हाक, स्वच्छ. मग खुर्च्या सरकल्या, घंट्या जवळ आल्या, एक पोरगी किंचाळली. आणि मग बापू, "अगं,"

त्यापुढे नुसती खरखर.

तिने मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा अगं, पुन्हा खरखर. सारी दुपार ती वेगवेगळ्या वाटांनी शोधत राहिली. पुढचा भाग हलवताना मध्ये अडकला होता. जुन्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं होतं आणि नव्या जागेवर तो पोचलाच नव्हता. चपला नाहीत, मेंढरं आत आली नाहीत, हसू नाही. ना इथे, ना तिथे.

ती रडली. बापू गेले तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या दुपारी पाहिलं. मीही रडलो, लपवत नाही. स्टुलावर बसून मला सारखं वाटत होतं की आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलो आहोत.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "खरखर काढून टाक. आणि शेवटी ते 'अगं' आहे, तेही काप. सत्यभामाला नुसती हाक पुरे."

खरखर तिने कापली. "ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. गीताबाईची खाट अंगणात आणली होती. तिचा मुलगा सटवा बाजूला हाताची घडी घालून उभा होता. मेंढरं माळावर लांब पांगलेली. सत्यभामाने फोन एका छोट्या स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं.

गीताबाईची तरणी हाक माळावर गेली. मेंढरांनी चरणं थांबवलं, माना वर केल्या. पण नुसत्या उभ्याच. मग स्पीकरमधून बापू 'अगं' म्हणाले आणि पुढची मेंढी निघाली. तिच्यामागे दुसरी, मग सगळा लोंढा धूळ उडवत अंगणाकडे आला. खाटेवर गीताबाईचं अर्धं तोंड हसत होतं आणि तिचा चांगला हात मेंढरांकडे पसरला होता. सटवाने तिथेच व्यापाऱ्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

आता रोज संध्याकाळी वस्तीवर तीच हाक वाजते. मेंढरांनी आपापसात ठरवून टाकल्यासारखं झालंय. हाकेला माना वर करतात आणि 'अगं' ऐकलं की निघतात. सत्यभामा मला म्हणाली, "ते मागचं कोण हाय हो? त्यांच्याबिगर एक पाऊल टाकत न्हाईत." मी सांगितलं, रामकिसनबापू. चपला राखायचे.

सत्यशीला हल्ली दुकान जरा लवकर बंद करते. एकेक कॉम्प्युटर रीतसर बंद करते, पडदे काळे होईपर्यंत थांबते आणि मग मेन खाली ओढते. स्कूटी काढून वस्तीवर जाते, गीताबाईच्या खाटेच्या कडेला बसते. मागच्या आठवड्यात मीही बरोबर गेलो होतो. ऊन उतरलं होतं. सत्यभामाने स्पीकर लावला, हाक माळावर गेली, मेंढरांनी माना वर केल्या.

"अगं," बापू म्हणाले.

माळावर मेंढरं निघाली. माझ्या शेजारी बसलेल्या सत्यशीलाने त्यांच्याकडे बघत, अगदी हळू, ओ दिली.

"ओ बापू. आवरलं."